दिवा बंद आढळला

६ जानेवारी

प्रिय वहिनी,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फोन तू उचलत नाहीस, दादाने तर माझा नंबरच बंद करून टाकलाय, मग कागदाशिवाय उरलं काय?

कशी आहेस? दादाची पाठ? तू मोबाइलच्या काचा बदलायच्या दुकानात लागलीस असं आत्याकडून कळलं. आत्या सांगत होती, गिऱ्हाइकं आधी विचारतात म्हणे, "त्या बाईच बसल्यात ना आज?" ऐकून बरं वाटलं. खरंच वाटलं.

आता कामाचं. उगाच कशाला खोटं बोलू, काम नसतं तर लिहायची हिंमत झाली नसती. आपले उन्हावर वीज करणारे बिनशिशाचे सेल पुन्हा जमेनात. तू प्रयोगशाळेतून गेल्यापासून तिघांनी हात घालून बघितला. नायट्रोजनची पेटी तीच, कथील त्याच कंपनीचं, काचा त्याच मापाच्या. पहिल्या दिवशी सेल ऐटीत उजेडाच्या अकरा टक्के वीज देतो आणि पंधराव्या दिवशी मान टाकतो. कडेने कुठून तरी हवा आत शिरते. तूच म्हणायचीस ना, हे कथील भारी रुसकं, जरा वारा लागला की फुगून बसतं. तस्संच चाललंय.

सरांनी परवा बोलावून घेतलं. म्हणाले, "दिव्याखाली हजार तास टिकणाऱ्या सेलचा निबंध आपण छापला त्याला वर्ष होत आलं. बाहेर कुणालाच तसा सेल जमत नाही. मार्चअखेरपर्यंत पुन्हा करून दाखवा, नाहीतर मला उत्तर द्यावं लागेल."

तर एवढंच कळव, काचेच्या झाकणाला गोंद लावताना तू नेमकं काय करायचीस? काच आधी तापवायचीस का? किती वेळ? तुझ्या हातच्या सेलची कड कधी सुटली नाही.

बाकी झालं गेलं विसरून जाऊ.

तुझी,
वन्सं


२७ जानेवारी

प्रिय वहिनी,

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. पहिला आठवडा मी तुझ्यावर चिडले. "एवढा कसला ताठा!" असं आरशासमोर मोठ्याने म्हणालेसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात स्वतःचंच पत्र आठवायला लागलं. "तुझ्या हातच्या सेलची कड कधी सुटली नाही" असं मी लिहिलंय. ते वाचून तू हसली असशील की कागद चुरगळला असशील?

कारण सरांच्या खोलीत मी याच्या बरोब्बर उलटं बोलले होते.

म्हणजे, तुझं नाव मी घेतलं नव्हतं हं. सरांनी विचारलं, "दुसऱ्यांदा लावलेले सेल का पडले?" मी म्हणाले, "कडेचा गोंद नीट बसला नसावा." एवढंच. गोंद कोण लावतं हे सरांना आधीच माहीत होतं, त्याला मी काय करणार?

हे वरचं वाक्य मी खोडणार होते. राहू दे तसंच. त्या दिवशी नाव न घेता मी तुझ्याकडे सरळ बोट दाखवलं, हे तुला कळलं, सरांना कळलं आणि मला तर ते तोंडातून निघायच्या आधी कळलं होतं. आणि "झालं गेलं विसरून जाऊ" म्हणे! तुझ्याकडून माझं काय झालंय, जे मी विसरायचं?

तुला तिथे मीच आणलं होतं ना. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, भिंगाखाली वाढलेली. असा हात आख्ख्या इमारतीत नाही, असं मी सगळ्यांना मिरवत सांगायचे. घरी तू चिडवायला वन्सं म्हणायचीस आणि दारातून आत शिरलीस की मॅडम. सरांच्या खोलीतून निघाल्यावर तू मला एकदाही मॅडम म्हणाली नाहीस. वन्संही नाही.

दादा एकच वाक्य बोलला, "बाबांचं नाव पुढे करून तू हे केलंस." तेव्हा मी दार आपटून निघून आले. आज दार आपटायला कुठे जाऊ?

तुझी,
(काय लिहू ते कळेना)


९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र आलं. चार ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या.

"इथल्या प्रयोगशाळेत जागा निघाली आहे. माझं काम बघून घ्यायला तयार आहेत, पण दाखल्यावर 'कामात निष्काळजी' असा शेरा आहे. ३१ मार्चपर्यंत तो पुसून आणा म्हणतात. दिव्याच्या वहीत माझं पान आहे का?"

गोंदाबद्दल अक्षर नाही. बरोबर आहे.

पानाचं विचारलंस. शोधते. कपाटं हलवून बघते. वह्यांचा इथे काय गोंधळ असतो ते तुला ठाऊकच आहे. सापडलं की लगेच सरांकडे नेते, शब्द देते.


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सापडलं! कपाटामागे पडलं होतं. धुळीने माखलेलं, पण तुझं अक्षर स्वच्छ वाचता येतंय. चारही नोंदी आहेत. "सोमवार, सकाळी सव्वाआठ. दिवा बंद आढळला. चालू केला." अशा चार सोमवारच्या चार.

मी त्याच दिवशी सरांकडे नेलं. सांगितलं की सहा आठवड्यांच्या त्या चाचणीत शनिवार-रविवारी इमारतीतली हवा खेळती ठेवणारी यंत्रं बंद करतात, दिवा तापतो आणि आपोआप विझतो, आणि हे माझ्या नजरेतून सुटलं. प्रत्येक वेळी पंचेचाळीस तास. म्हणजे हजारातले एकशे ऐंशी तास सेल उजेडात नव्हतेच. शिवाय अंधारात हे सेल दम खातात आणि सोमवारी ताजेतवाने होऊन उठतात, तो फायदा वेगळाच. सरांनी डोकं धरलं. पण तुझ्याबद्दल म्हणाले, "बाईंनी वहीत लिहिलं होतं खरं. आपण त्यांच्यावर अन्याय केला." अन्याय हा शब्द त्यांनी स्वतः वापरला!

शेरा बदलून दिलाय. आता असा आहे: "काम नेटके. नोंदी ठेवल्या, परंतु त्रुटी वरिष्ठांना वेळीच कळवल्या नाहीत." निष्काळजीपेक्षा पुष्कळच सौम्य आहे. एवढ्यावर जमेल ना तुझं?

मला आज कितीतरी दिवसांनी नीट भूक लागली.

तुझी,
वन्सं


३ मार्च

वहिनी,

काल दादाचा फोन आला, दुकानातल्या कुणाच्या तरी नंबरवरून. नऊ महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला. मी "दादा!" म्हणून ओरडलेच. तो म्हणाला, "ओरडू नकोस. पान कपाटामागे पडलं होतं?"

"हो."

"कुणाच्या कपाटामागे? प्रयोगशाळेतल्या, की तुझ्या घरच्या?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "ती काही बोलत नाही. तुझं पत्र वाचलं, घडी घातली, कामाला गेली. चार काचा बदलून आली. आजवर तिने चिकटवलेली एक काच परत आलेली नाही, हे तुला म्हणून सांगतो. जेवताना एवढंच म्हणाली, वन्संना म्हणावं, पानाची लांबी मोजा."

मग म्हणाला, "तुझे सेल नुसते कल्हई केलेले होते गं. घासलं की खालचं दिसतं." आणि ठेवून दिला.

मोजायची गरज नाही. मला माहीत आहे लांबी. दीड बोट कमी आहे. ते दीड बोट मी कापलं.

सगळं सांगते. मधे थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून एका दमात.

पान कधी हरवलंच नव्हतं. पहिल्या सोमवारी तू मला जिन्यात गाठून सांगितलंस, "मॅडम, दिवा विझला होता, तासांचं घड्याळ तेवढं चालू होतं." मी म्हणाले, "बघते." दुसऱ्या सोमवारी म्हणालीस, "हे तास मोजायचे नसतात ना?" मी म्हणाले, "आकड्यांचं मी बघेन, तू गोंदाचं बघ." तिसऱ्या वेळी मी हातानेच गप्प केलं. चौथ्या वेळी तू काही विचारलं नाहीस, फक्त सांगितलंस. संगणकावरच्या आलेखात चार खड्डे पडले होते. मी चारही बुजवले. दोन टोकांमध्ये सरळ रेघ ओढली की झालं, पाच मिनिटांचं काम. आठशे वीस तास म्हणाले असते तरी लोकांनी नावाजलं असतं गं! पण हजार हा आकडा माझ्या डोक्यात बसला होता. परिषदेत तोच सांगितला. वर पडद्यावर बाबांचा फोटो दाखवला. बॅटरीच्या कारखान्यात शिसं ओतून ओतून ज्यांची बोटं गेली, ज्यांना शेवटी शर्टाचं बटण लागत नव्हतं, त्यांच्यासाठी शिशाशिवाय वीज, असं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघांनी डोळे पुसले. ती बटणं तू लावायचीस त्यांना, मी नाही. मला घाई असायची.

दुसऱ्यांदा चाचणी घेतली तेव्हा यंत्रं बंद करायची नाहीत असं इमारतीचं ठरलं होतं. दिवा एकदाही विझला नाही आणि सेल पडले. का पडले ते मला त्याच क्षणी कळलं होतं. सरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलंय म्हटल्यावर त्या संध्याकाळी मी दिव्याच्या खुंटीवरची वही काढली आणि तुझं पान सोडवलं. फाडलं नाही. शिवणीतून हळूच, त्याच्या जोडीच्या कोऱ्या पानासकट, कुणाला कळू नये म्हणून. बघ, किती नेटकेपणा! चांगल्या कामात कधी दाखवला नाही इतका.

सरांच्या खोलीत तू म्हणालीस, "वहीत लिहिलंय सर, चार वेळा." सरांनी वही उघडली. मी खिडकीबाहेर बघत होते, खाली कुणाची तरी सायकल उभी होती, तिचा मागचा टायर बसला होता. एवढं मला आजही आठवतं, कारण मी सबंध वेळ त्या टायरकडे बघत होते. तू वहीकडे बघत नव्हतीस. माझ्याकडे बघत होतीस. "मॅडमना सांगितलं होतं" एवढे तीन शब्द तू बोलली असतीस तर मी तिथेच संपले असते. तू नाही बोललीस. मी तेव्हा मनात म्हणाले, सुटले. इतके महिने मी समजत होते की तू घाबरलीस. आता वाटतं, तू वाट बघत होतीस, की मी स्वतःहून बोलेन.

पानावर चार नोंदींच्या खाली तू पाचवी ओळ लिहिली होतीस: "चारही वेळा मॅडमना सांगितले."

गेल्या महिन्यात सरांकडे जायच्या आधी मी ती ओळ कापली. काचा कापायची पट्टी आणि पातं घेऊन, सरळ. मनाशी म्हणाले, वहिनीचं काम होतंय ना, मग माझं एवढं झाकलं तर कुणाचं काय बिघडलं? आणि मग तो नवा शेरा आला, "वरिष्ठांना वेळीच कळवल्या नाहीत." तो मी वाचला, मान डोलावली, "बरोबर आहे सर" म्हणाले, आणि वर तुलाच विचारलं, एवढ्यावर जमेल ना! माझीच चोरी दुसऱ्यांदा तुझ्या गळ्यात बांधली आणि घरी येऊन पोटभर जेवले.

ती कापलेली ओळ जाळायला मला जमलं नाही. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पाकिटात आहे, फोटोच्या मागे. रोज गळ्यात घालून फिरते. दारावरचा पहारेकरी रोज फोटो बघून मला आत सोडतो.

मला स्वतःची किळस आली आहे, वहिनी. हे तुला सांगून मन हलकं करायचा मला हक्क नाही, ते माहीत आहे. उद्या सर गावाला जातायत. सोमवारी येतील. सोमवारी जाईन.


१० मार्च

वहिनी,

गेले.

दारातून दोनदा परत फिरले. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच. आत गेल्यावर सर म्हणाले, "बसा." मी बसले नाही. पाकिटातून कागदाची पट्टी काढली. दुमडून तिला मधोमध चुणी पडली होती. सरांनी पान काढलं, पट्टी खाली लावली. इतकी चपखल बसली की त्यांना काही विचारावंच लागलं नाही. त्यांनी मोठ्याने वाचलं, "चारही वेळा मॅडमना सांगितले." मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही मला दोनदा फसवलंत."

मी म्हणाले, "चारदा, सर. आलेख, गोंद, पान आणि ही ओळ."

ते म्हणाले, "मोजायला तरी शिकलात." हसले नाहीत.

मग बराच वेळ बोलले. ते सगळं लिहीत नाही, लायकीप्रमाणे ऐकलं. छापलेला निबंध मागे घ्यायचं पत्र त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं. त्यात "नजरचूक" असा शब्द मी सवयीने घातला होता. त्यांनी तो खोडला आणि म्हणाले, "इथे काय लिहायचं ते तुम्हाला माहीत आहे." लिहिलं. कारण म्हणून आणि कर्ती म्हणून माझंच नाव. तुझं कुठेच नाही.

चौकशी बसेल. तोवर मी आकड्यांना हात लावायचा नाही, आलेख काढायचा नाही, सेल करायचे नाहीत. दिवा सांभाळायचा. तुझं काम. सकाळी सव्वाआठला येऊन बघायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी बाकीचे मला बघून बोलायचे थांबले. एकीने खुर्ची पुढे सरकवली, ते जास्त लागलं.

तुझा दाखला सरांनी स्वतः लिहून त्या प्रयोगशाळेला परस्पर पाठवलाय. प्रत सोबत जोडते. "काम अत्यंत नेटके. चाचणीतील दोष यांनी चारही वेळा लेखी नोंदवला व वरिष्ठांना सांगितला. आधीचा शेरा आमची चूक होती, तो रद्द." खाली सही, शिक्का. त्यांनी मला वाचायला दिला तेव्हा मी म्हणाले, "आमची नको सर, माझी लिहा." ते म्हणाले, "मी तुमच्यावर विश्वास ठेवून त्यांचं ऐकलं नाही. ती माझी."

दादाला सांग, पान पूर्ण लांबीचं झालंय. माफ कर असं लिहिणार नाही. तू केलंस तर ते तुझ्याकडून येऊ दे, मी मागून घेणार नाही.


५ एप्रिल

वहिनी,

तुझं पाकीट आलं. वर पाठवणाऱ्याचा पत्ता तुझ्या नव्या प्रयोगशाळेचा! मी पाकीट तसंच धरून जिन्यात बसले आणि ढसाढसा रडले. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते.

आत एक चिठोरं. ना प्रिय, ना तुझी.

"काच सत्तरवर सात मिनिटं. मग गोंद. मग कडेला बोट लावायचं नाही. हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

सांगितलं होतंस. मला आठवलं. मी तेव्हा फोनवर होते आणि मान हलवली होती.

चिठोरं मी जसंच्या तसं तिघांना दिलं. त्यांनी वहीत पद्धतीपुढे तुझं पूर्ण नाव लिहिलं. नवे सेल परवा दिव्याखाली लागले. किती टिकतील देव जाणे. जितके टिकतील तितकेच लिहिले जातील.


३ मे

वहिनी,

आज मोठं पत्र नाही. दिव्याच्या नव्या वहीला पानांचे आकडे छापलेले आहेत, मीच मागून घेतली. हवेची यंत्रं पुन्हा शनिवार-रविवार बंद ठेवायला लागलेत, कुणी आम्हाला कळवलंच नाही. आज सकाळी आत शिरले आणि खोलीत अंधार. आसपास कुणी नव्हतं. सेल बिचारे उत्तम चालले होते, सहाशेच्या वर तास झाले होते, आणि घड्याळ आपलं चालूच होतं.

पान सातवर लिहिलेलं उतरवून पाठवते.

"सोमवार, सकाळी सव्वाआठ. दिवा बंद आढळला. शनिवार दुपारपासून अंधार, चव्वेचाळीस तास वजा. चालू केला. सरांना सांगितले. वहिनीला कळवले."